नंदुरबारचा लाल ठिपका

लाभपंचमीच्या सकाळी साडेदहा वाजता सुभाषचंद ओस्तवाल यांच्या पेढीवरच्या संगणकातून इंदूरला जाणारा ट्रक नाहीसा झाला. ट्रक खरे तर अजून आलेलाच नव्हता. तो मागवण्यासाठी वाहतूकदाराच्या संकेतस्थळावर जी माहिती भरावी लागते ती सुभाषचंदांनी चष्मा कपाळावर चढवून, एका बोटाने, भरत आणली होती. माल, लाल मिरची. कुठून, नंदुरबार. कुठे, इंदूर. बोट शेवटच्या रकान्यापाशी पोचले, पान लुकलुकले आणि कोरे झाले. त्यांनी पुन्हा भरले, पुन्हा कोरे झाले. मग त्यांनी संगणकाचा नाद सोडला आणि सुनेला हाक मारली.

"नेहल, ही तुझी टिटवी काय करतेय बघ."

टिटवी हे ब्राउझरचे नाव. इंटरनेटवरची पाने ज्या खिडकीतून बघायची ती खिडकी. ती बनवणारी कंपनी बंगळुरूत आहे, पण खिडकीचे निम्मे सुतारकाम ती वापरणारे लोकच करतात. कोणी ती आपल्या भाषेत आणतो, कोणी नवख्यांना शिकवतो, कोणी दोष शोधून कळवतो. त्याचे पैसे कोणालाच मिळत नाहीत. मराठी टिटवीतली बरीचशी बटणे नेहलने लिहिली होती. घरात याला सुरुवातीला "नेहलचं कंपनीचं काम" म्हणत. पगार नाही हे कळल्यापासून सासूबाई, म्हणजे सोहनबाई, त्यातला काम हा शब्द गाळू लागल्या होत्या.

त्या गाळलेल्या शब्दाला यंदा उत्तर मिळायचे होते. टिटवीच्या मराठी सभासदांचा समन्वयक निवडला जाणार होता. मराठी लोकांच्या कोणत्या अडचणी कंपनीने आधी हाती घ्यायच्या हे तो ठरवणार आणि वर्षातून एकदा कंपनीच्या खर्चाने बंगळुरूला जाणार. नाव एकच सुचवले गेले होते, नेहलचे. तक्रार कशी लिहावी याचा नमुना म्हणून कंपनी नव्या लोकांना तिच्याच तक्रारी दाखवत असे. अंदाज, तर्क, राग काही नाही. काय केले, काय झाले, एवढेच. हे पद आपल्याला मिळणार याबद्दल नेहलला शंका नव्हती, आणि शंका घेण्यासारखे काही घडलेलेही नव्हते.

ती खुर्चीवर बसली. पान तिच्यासमोरही दोनदा उडाले. तिने इंटरनेट तपासले, दुसरे संकेतस्थळ उघडून पाहिले. तेही उडाले. वरच्या मजल्यावरच्या तिच्या लॅपटॉपवर सगळे ठीक होते. पण टिटवीची नवी आवृत्ती त्यावर अजून यायची होती आणि पेढीच्या संगणकावर ती लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आली होती. संध्याकाळी पूजा झाली, पेढीला कुलूप लागले, ते आज उघडले. मधे कोणी संगणकाला हात लावलेला नव्हता. म्हणजे दोष नव्या आवृत्तीचा. तर्क सरळ होता. नेहलने तक्रार लिहिली, कंपनीच्या पानावर टाकली आणि तिकडे पथारीवर, म्हणजे मिरची पसरायच्या मोकळ्या मैदानावर, वाळत पडलेल्या मिरचीसाठी ट्रक फोनवरून मागवला.

तासाभरात दुसऱ्या देशातल्या कुणा स्वयंसेवकाचे उत्तर आले. आमच्याकडे असे होत नाही. आणखी कोणाला होते का? कंपनीची पद्धतच तशी होती. प्रत्येक तक्रारीखाली "माझ्याकडेही" असे बटण असे. ज्या तक्रारीला जास्त लोक जोडले जात ती अभियंते आधी उघडत. हा नियम नेहलने जेवताना सासऱ्यांना सहज सांगितला.

"आणखी काही जणांनी सांगितलं ना पप्पाजी, तर ते लवकर बघतील."

ओस्तवालांच्या घरात मारवाडी, पेढीवर अहिराणी आणि पाहुण्यांशी मराठी असा शिरस्ता होता. कोणत्याही भाषेत सुभाषचंदांना या वाक्याचा अर्थ एकच लागला असता. मिरची बाजारात एखाद्या व्यापाऱ्याची तक्रार असली तर ती तुझीही आहे का, असे कोणी कोणाला विचारत नाही. आज त्याची, उद्या आपली. आणि पाठिंबा म्हणजे लिलावात बोललेली बोली. ती परत घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी चहालासुद्धा कोणी बोलावत नाही.

दुपारी ते शेजारच्या अनीस बागवानांकडे गेले. बागवान आडतीचा धंदा करत, आणि बाजाराला एका तोंडाने बोलायचे असले की ते तोंड त्यांचे असे.

"अनीसभाई, मन्हा कॉम्प्युटरमा पान उडी ऱ्हायनं. कंपनी इचारस, आखो कोनं उडस का?"

"आखो कोनं म्हंजे?" अनीसभाईंनी चहा खाली ठेवला. "शेठनं उडनं म्हंजे आमनं बठ्ठासनं उडनं."

संध्याकाळपर्यंत अख्खा बाजार टिटवीचा सभासद झाला. ज्यांच्याकडे संगणक नव्हता त्यांनी मोबाइलवर खाते उघडले. बटणाखाली आपला अनुभव लिहायला चौकट होती. तिच्यात काय लिहायचे असे काहींनी विचारले, तेव्हा अनीसभाईंनी सल्ला दिला की मनाला येईल ते लिहा, पण कमी लिहू नका. बाजाराने कमी लिहिले नाही. एकाचे पान नेमके जेवणाच्या वेळी उडत होते. एकाचे पान उडाले की पंखाही बंद पडत होता. रनाळ्याच्या एका आडत्याने कळवले की त्याचे पान या वर्षात दुसऱ्यांदा उडते आहे, पहिल्यांदा ते पावसाळ्यात उडाले होते. तेव्हा नवी आवृत्ती जन्मालाही आली नव्हती. सोहनबाईंनी वरच्या मजल्यावरून लिहिले, "यांचं उडतं, म्हणजे माझंच."

कोणत्या गावातून किती तक्रारी आल्या हे दाखवणारा एक नकाशा कंपनी सर्वांसाठी खुला ठेवते. दुसऱ्या दिवशी त्या नकाशावर सारे जग फिकट होते आणि तापीच्या खालच्या अंगाला एक लालभडक ठिपका होता. दुपारी कंपनीने नवी आवृत्ती जगभर थांबवली. पोर्तुगालच्या एका सभासदाने नेहलला विचारले की नंदुरबार हे शहर किती कोटींचे आहे. तिने खरे ते सांगितले. त्याला तो विनय वाटला.

नेहलने ठिपक्यामागची नावे वाचायला घेतली. पहिली दहाही नावे मिरची बाजारातली निघाली. ती तडक बागवानांच्या दुकानात गेली.

"अनीसचाचा, तुमचं पान उडतं असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या दुकानात कॉम्प्युटर कुठाय?"

"शे नही बेटी," अनीसभाई म्हणाले. "कॉम्प्युटर ऱ्हातं ते पान उडतंच."

तेवढ्यात नेहलचा फोन वाजला. कंपनीत सभासदांशी संबंध ठेवणारा जो विभाग असतो त्याच्या प्रमुख अवनी शेणॉय बोलत होत्या. मूळच्या कारवारच्या, त्यामुळे मराठी चांगले. त्यांचा आवाज आनंदाने भरून आला होता. एकाच गावातून इतके लोक एकाच दोषाबद्दल बोलले असे कंपनीच्या इतिहासात झालेले नव्हते. त्या स्वतः एका अभियंत्याला घेऊन परवा येत होत्या. समन्वयकाचे मतदानही तिथूनच, सर्वांसमोर सुरू करू, असे त्यांनी ठरवले होते.

"मॅडम, एक सांगायचं होतं. यातल्या बऱ्याच जणांकडे कॉम्प्युटर नाही."

"म्हणजे मोबाइलवरही होतंय?" अवनी शेणॉय म्हणाल्या. "मग तर यायलाच हवं."

सुभाषचंदांनी तयारी लग्नाच्या अंदाजाने सुरू केली. पेढीसमोर मांडव पडला. पाहुण्यांचे जेवण सूर्यास्ताआधी उरकले पाहिजे आणि त्यात कांदा-लसूण नको, हे आचाऱ्याला तीनदा बजावून झाले. पेढी आवरायचे काम नेहलकडे आले. पाहुणे आल्याबरोबर संगणकापाशी बसणार म्हणून तिने तिथूनच सुरुवात केली. कळफलकावर प्लास्टिकचे आच्छादन होते. सोहनबाईंच्या राज्यात रिमोटपासून सोफ्यापर्यंत प्रत्येक वस्तूला ते असे. नेहलने ते उचलले.

खाली कुंकू होते, आणि अक्षता.

दिवाळीला पेढीवर चोपडी पुजायची रीत जुनी. हिशेब संगणकात गेले तेव्हापासून सोहनबाई चोपडीच्या शेजारी संगणकही पुजत. पडद्याच्या कडेला स्वस्तिक, कळफलकावर कुंकू-अक्षता, आणि अक्षता पंख्याने उडू नयेत म्हणून वरून आच्छादन. ते पुढच्या दिवाळीपर्यंत काढायचे नाही. आजवर त्या दाण्यांनी कोणाचे काही बिघडवले नव्हते. यंदा एक दाणा वरच्या रांगेत, पान नव्याने उघडणाऱ्या कळीच्या फटीत जाऊन बसला होता. कळ अर्धी दाबलेलीच राहिली होती. शेवटच्या रकान्यासाठी बोट खाली सरकले की आच्छादन ताणले जाई आणि उरलेली अर्धीही दाबली जाई, की पान नव्याने, कोरे उघडे.

नेहलने केसातली पिन काढून दाणा उचलला. मग वाहतूकदाराचे पान उघडून सगळी माहिती भरली. पान जागचे हलले नाही. तिने पाच वेळा भरून पाहिले. थोड्या वेळाने इंदूरकडे निघायला तयार असलेल्या पाच ट्रकवाल्यांचे फोन आले आणि तिने पाचही जणांची माफी मागितली.

तिने दाणा वाटीत ठेवून सगळ्यांना बोलावले. सोहनबाईंनी आधी वाटी बघितली, मग कळफलक.

"पूजेच्या अक्षता उचलल्या? दिवाळी ते दिवाळी हात लावायचा नसतो त्याला."

"मम्मीजी, एवढ्या एका दाण्यानं जगभरची टिटवी थांबलीय."

"मग त्यात ताकद असेल," सोहनबाई म्हणाल्या.

सुभाषचंदांनी वाटी आपल्याकडे ओढली. त्यांच्या एका तक्रारीसाठी बाजाराने शब्द टाकला होता, उद्या बंगळुरूची माणसे येत होती, आणि त्यांना दाखवायला तांदूळ होता. त्यांनी हलक्या आवाजात व्यवहाराचा मार्ग सुचवला.

"जिथला उचलला तिथं परत ठेव. पाहुणे गेले की काढ."

नेहलने नकारार्थी मान हलवली. तिच्या नावाला कंपनीत जी किंमत होती ती खरे लिहिण्याची होती. दाणा परत ठेवून मिळालेले पद तिला नको होते, आणि खरे सांगून पद गेले तर कशाने गेले हे निदान तिला माहीत असणार होते. तिने सांगितले की उद्या सगळ्यांसमोर मीच बोलणार.

शेजारून आलेल्या अनीसभाईंना ही भाषाच रुचली नाही. "बाजारनी शब्द दिधा शे बेटी. तांदूय निंघना म्हनीसन शब्द माघारे लेवाना का?"

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. अवनी शेणॉय हसतमुख होत्या. त्यांच्याबरोबरचे अभियंते निर्मल बरुआ गुवाहाटीचे होते आणि मिरची बाजार त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता. बघितला असे म्हणणे धाडसाचे आहे, कारण गाडीतून उतरल्यापासून ते शिंकत होते. नंदुरबारकरांना त्या हवेत काही आहे हे तीन पिढ्यांत जाणवलेले नाही. बरुआ मांडवात येऊन बसले, समोर जमलेल्या बाजाराकडे त्यांनी पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बाजार गलबलला. आपली व्यथा कंपनीला इतकी भिडेल असे कोणाला वाटले नव्हते.

सत्काराचे हार घालून झाले आणि नेहल उठली. तिने वाटी पुढे ठेवली आणि तक्रार लिहिताना लिहायची तसे सांगितले. काय केले, काय झाले, काय सापडले. दोष टिटवीचा नाही, आमच्या कळफलकाचा. नव्या आवृत्तीवर संशय घेतला तो मी, आणि तो चुकला.

 अवनी शेणॉय यांनी दाणा हातात घेऊन उलटसुलट केला. मग त्यांनी जमलेल्यांना विचारले की कारण आता कळले आहे, तर तुमच्यापैकी कोणाचे पान खरोखर उडाले होते?

सगळ्यांनी हात वर केले.

"पण कारण तर सापडलं," त्या म्हणाल्या.

अनीसभाई उभे राहिले. "कारन सापडनं ते शेठनं, मॅडम. आमनं आजून उडस."

कंपनीचा नियम असा की तक्रारीला जोडलेल्या लोकांनी मान्य केल्याशिवाय ती बंद करता येत नाही. अवनी शेणॉय यांनी तो नियम स्वतःच केला होता आणि दरवर्षी नव्या सभासदांना त्या अभिमानाने समजावून सांगत. त्यांनी विचारले, कोणी मागे घेतो का? एकही हात वर आला नाही. सुभाषचंदांचाही नाही, कारण बाजार त्यांच्यासाठी उभा असताना ते कसे बसणार?

तेव्हा बरुआंनी रुमालाआडून बोलायला सुरुवात केली. ते दोन शिंकांच्या मधे बोलत असल्यामुळे अवनी शेणॉय यांना ते जुळवून सांगावे लागले. दोष शोधताना अभियंत्यांना दोष मिळाला नाही, पण शोधता शोधता त्यांनी एक सोय बनवून टाकली होती. कोणत्याही कारणाने पान नव्याने उघडले तरी त्यात भरलेली माहिती आता जाणार नव्हती. मांजर कळफलकावर चढो की लेकरू चढो. चाचणीत ती लोकांना फार आवडली होती, आणि नवी आवृत्ती ती घेऊनच बाहेर पडणार होती.

"देखा," अनीसभाई बाजाराकडे वळून म्हणाले. "उडत नही व्हतं ते ह्यासनी दुरुस्त काय करं?"

बाजाराने टाळ्या वाजवल्या.

मग समन्वयकाचा विषय निघाला. अवनी शेणॉय यांनी नेहलचे नाव वाचले. ती आज जे बोलली तसे बोलणाऱ्या माणसावरच कंपनी चालते, असेही त्या म्हणाल्या. नेहलने सुटकेचा श्वास घेतला. नियमाप्रमाणे अवनी शेणॉय यांनी विचारले की आणखी कोणाचे नाव आहे का? कोणत्याही सभासदाला सुचवता येते.

मांडवातला जवळजवळ प्रत्येक माणूस गेल्या चार दिवसांत सभासद झाला होता. अनीसभाई पुन्हा उभे राहिले. सासरा समोर बसलेला असताना सुनेचे नाव पुकारले जाते, ही गोष्ट त्यांना मघापासून टोचत होती. त्यांनी सुभाषचंद शेठ यांचे नाव घेतले. रनाळ्याच्या आडत्याने लगेच अनुमोदन दिले. सुभाषचंदांनी हात जोडून नको नको म्हटले. पण बोली बोलली गेली होती.

"माझ्या हातात काही आहे का बेटा?" घरी आल्यावर ते नेहलला म्हणाले. "बाजारानं टाकलेला शब्द आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला विचारले की समन्वयकाला नेमके काय करावे लागते. संध्याकाळी त्यांनी विचारले की बंगळुरूला या दिवसांत थंडी असते का.

मतदान आठवडाभर चालणार होते. नेहलने तांदळाच्या दाण्याची हकिगत छायाचित्रासह कंपनीच्या पानावर लिहिली, आणि अमरावती, सांगली, चिपळूणचे जुने सभासद तिच्या बाजूने मते टाकू लागले. मिरची बाजार शेठजींच्या बाजूने टाकत होता. मते कधी इकडे झुकत, कधी तिकडे. नेहलने स्वतःचे मत सासऱ्यांना दिले, कारण मोठ्यांविरुद्ध मत टाकणे तिला जमेना. सुभाषचंदांनी आपले मत नेहलला दिले, कारण स्वतःला मत देणे त्यांना शोभेना. दोघांनीही हे एकमेकांना सांगितले नाही आणि दोघांनाही आपण हरणार नाही याची खात्री होती. नेहलचा नवरा मयंक खरेदीसाठी गुंटूरला गेला होता. वडिलांना मत देणार की बायकोला, असे विचारताच त्याच्या मोबाइलची रेंज गेली.

शुक्रवारी दुपारी दोघांची मते बरोबरीत आली आणि तिथेच थांबली. ज्यांना टाकायचे होते त्यांचे टाकून झाले होते. मयंकची रेंज अजून आलेली नव्हती, त्यामुळे घरात आता एकच मत उरले होते. "यांचं उडतं, म्हणजे माझंच" असे लिहिले त्या दिवसापासून सोहनबाई टिटवीच्या रीतसर सभासद होत्या.

चार वाजता सुभाषचंदांनी बायकोसाठी स्वतः चहा केला. लग्नानंतरचा हा पहिलाच. त्यात साखर दोनदा पडली होती. पाठोपाठ नेहल गरम खाकरे घेऊन आली. सोहनबाईंनी चहा प्यायला, खाकरे खाल्ले आणि कोणाकडेच न बघता विचारले, "बंगळुरूला जाईल त्याला सोबत एक माणूस नेता येतं का?"

नेहलने अवनी शेणॉय यांना विचारून सांगितले, एक नेता येते.

"बरं," सोहनबाई म्हणाल्या.

सोबत कोणाला नेणार, हा प्रश्न त्यांनी नंतर सुभाषचंदांना वेगळे गाठून विचारला, मग नेहलला वेगळे गाठून. दोघांनी त्यांना काय कबूल केले ते कळलेले नाही. टिटवीची नवी आवृत्ती शनिवारी सकाळी जगभर गेली. तिच्यासोबतच्या टिपणात नंदुरबारच्या मिरची बाजाराचे आभार आहेत. मूळ तक्रार मात्र अजून उघडी आहे, आणि काल तिला सारंगखेड्याहून आणखी सात जण जोडले गेले. मतदान रविवारी संध्याकाळी संपते. हे लिहीपर्यंत सोहनबाईंनी मत टाकलेले नाही. बॅग मात्र भरून ठेवली आहे.